अर्ध्या मिलिमीटरचा फोकस

मॅक्रो फोटो शार्प कसा काढायचा, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, त्यातलं नेमकं काय शार्प हवंय? कोळ्याचा डोळा, त्याच्या पाठीवरचे केस, की तो बसलाय त्या पानाच्या शिरा? तिन्ही एका क्लिकमध्ये मिळणार नाहीत, मग कॅमेरा कितीही महागाचा असो. एक निवडायचं आणि बाकीच्यावर पाणी सोडायचं. हे ज्याला जमलं त्याचे फोटो शार्प येतात. लेन्सचा नंबर त्यानंतर लागतो.

मी सिंधुदुर्गात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घराभोवती आंबा-काजूची झाडं, परसात कढीपत्ता, जास्वंद, अळू. जूनमध्ये पाऊस लागला की पडवीच्या भिंतीपासून विहिरीच्या काठापर्यंत किड्यामुंग्यांची वर्दळ सुरू होते. मॅक्रोसाठी मला लांब कुठे जावं लागत नाही, हे माझं भाग्य. कॅमेरा मिररलेस, एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे सेन्सर साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटर. लेन्स 90 एमएमची मॅक्रो, 1:1 पर्यंत जाणारी. 1:1 म्हणजे 15 मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही 15 मिलिमीटरच उमटतो. उभा बसला तर चौकटीची जवळजवळ अख्खी उंची व्यापतो.

आता हिशेब बघा. 1:1 वर, एफ/8 ला, या सेन्सरवर फोकसची खोली भरते साधारण 0.6 मिलिमीटर. साध्या कागदाची सहा पानं एकावर एक ठेवली तर होते तेवढी. आमच्या भिंतीवरचा उडी मारणारा कोळी सेंटिमीटरभर लांब असतो. तो समोरून माझ्याकडे बघत असेल तर डोळ्यांपासून पोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीतला जेमतेम सोळावा-सतरावा भाग स्पष्ट येणार. डोळे आले तर पाठ गेली, पाठ आली तर डोळे गेले. तोच कोळी आडवा, मला समांतर बसला असेल तर मात्र त्याची जवळजवळ पूर्ण कूस त्या पातळ पापुद्र्यात मावते. म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी किडा कोणत्या दिशेला तोंड करून बसलाय हे बघते. जागा बदलायची ती मी बदलते, त्याला हलवत नाही. गुडघ्यावर बसून, कधी पडवीच्या पायरीवर आडवं होऊन सेन्सर त्याच्या अंगाला समांतर आणायचा. निम्मा शार्पनेस इथेच मिळून जातो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

खोली वाढवायला अॅपर्चर आणखी बंद करावं, असं कुणालाही वाटेल. एफ/16 करा, एफ/22 करा, खोली वाढतेच. पण त्याची किंमत काय पडते ते डोळ्यांनी बघायचं असेल तर 2018 साली आलेली चॉकलेटी दहाची नोट घ्या. तिच्यावर सूक्ष्म अक्षरांत रिझर्व्ह बँकेची आद्याक्षरं, ‘भारत’, ‘इंडिया’ आणि 10 चा आकडा छापलेला असतो. नोट टेबलावर सपाट ठेवायची, कडांवर फूटपट्ट्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, सरळ खाली बघणारा. दोन सेकंदांचा टायमर. मग एफ/2.8 पासून एफ/22 पर्यंत एकेक फोटो. माझ्या लेन्सवर एफ/5.6 आणि एफ/8 ला अक्षरांच्या कडा कातरल्यासारख्या येतात. एफ/11 ला किंचित मऊ, पण चालण्याजोग्या. एफ/16 ला फरक कुणालाही दिसेल इतका, आणि एफ/22 ला अक्षरं एकमेकांत मिसळायला लागतात. याचं कारण असं, की 1:1 वर लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि आकडा एफ/8 दिसत असला तरी प्रत्यक्षात ती साधारण एफ/16 सारखी वागते. एफ/16 ठेवला तर एफ/32 सारखी. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, आणि प्रत्येक बिंदूचा छोटा ठिपका होतो. ही भौतिकशास्त्राची मर्यादा आहे, ती कुठल्याही कंपनीच्या लेन्सला चुकलेली नाही. म्हणून हातात धरून काढायचे फोटो मी एफ/8 ते एफ/11 च्या मध्येच काढते. त्यापलीकडे जात नाही.

सॉफ्ट आलेला फोटो लगेच पुसून टाकू नये, अशी माझी सगळ्यांना विनंती असते. तो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघा, रोगाचं नाव तोच सांगतो. सगळे चमकदार ठिपके एकाच दिशेला रेघेसारखे ओढले गेले असतील तर हात हललाय. डोळा मऊ आहे पण त्याच्या पुढचा एखादा केस किंवा मागचा पानाचा काठ लख्ख आहे, तर फोकस पुढे किंवा मागे गेलाय. चौकटीत कुठेच काही लख्ख नाही, सगळं सारखंच गुळगुळीत आहे, तर अॅपर्चर फार बंद झालंय किंवा पुढच्या काचेवर वाफ धरलीय. या तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. फोकस मागे गेलेला असताना शटरस्पीड वाढवून काही होत नाही, आणि हललेल्या फोटोला नवी लेन्स उपयोगी पडत नाही. नव्या लेन्सच्या किमती विचारणाऱ्या बहुतेकांचे फोटो मी असे मोठे करून बघितले आहेत. त्यांत लेन्सचा दोष क्वचितच निघतो.

मिररलेसमध्ये आरसा नसतो, त्यामुळे आरसा वर आपटण्याचा धक्का नाही. पण पडदा असतो. ट्रायपॉडवर, मंद शटरवर, पहिल्या यांत्रिक पडद्याच्या हालचालीनेही बारीक थरथर येऊ शकते. बऱ्याच कॅमेऱ्यांत पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवायची सोय असते. ती मी कायम चालू ठेवते. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही, बुजरा किडा उडत नाही, पण बहुतेक कॅमेऱ्यांत त्याच्याबरोबर फ्लॅश चालत नाही, आणि सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जात असल्याने हलणारी मुंगी वाकडी होऊन येते. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचं कौतुक खूप होतं. दूरच्या डोंगराच्या फोटोला ते फार कामाचं. मॅक्रोत मात्र आपण फक्त डोलत नाही, सरकतोही, आणि 1:1 वर हात मिलिमीटरभर बाजूला सरकला की चित्रही सेन्सरवर मिलिमीटरभर सरकतं. काही यंत्रणा हे सरकणं थोडंफार सावरतात. पुढे-मागे होणारी हालचाल, जिच्यामुळे फोकसच जातो, ती कुणीच सावरत नाही. स्टॅबिलायझेशनचा मला खरा फायदा होतो तो व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर दिसण्यात.

मग हातात कॅमेरा धरून, वाऱ्यात हलणाऱ्या पानावरचा कोळी शार्प कसा मिळवायचा? याचं उत्तर फ्लॅश आहे, आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे. पैसे मोजके असतील तर आधी एक साधा फ्लॅश घ्या, लेन्स नंतर.

फ्लॅश पूर्ण ताकदीवर उडवला तर तो तुलनेने बराच वेळ जळतो. ताकद सोळाव्या भागावर आणली तर चमक साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास आटोपते. शटर 1/200 चं असो, प्रकाश जर फक्त फ्लॅशचाच असेल तर फोटो त्या दहा हजाराव्या भागातला असतो. तेवढ्या वेळात ना माझा हात हलतो, ना पान. माझी नेहमीची मांडणी अशी असते: मॅन्युअल मोड, शटर 1/200, एफ/8 किंवा एफ/11, आयएसओ 200, फ्लॅश सोळाव्या भागाच्या आसपास. फ्लॅश न लावता एक फोटो काढून बघायचा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काळा आला तर समजायचं की बाहेरच्या उजेडाचा आता त्रास नाही.

भर उन्हात हा फोटो काळा येत नाही. एफ/8 ठेवला तरी 1:1 वर लेन्स एफ/16 सारखी वागते हे वर आलंच. पण आयएसओ 200 आणि 1/200 ला, एफ/16 इतक्या भोकातून, ऊन स्वतःच पूर्ण फोटो उजळवतं. मग एकाच चौकटीत दोन चित्रं पडतात, एक फ्लॅशचं लख्ख आणि त्याच्याभोवती उन्हाचं हललेलं. हाय स्पीड सिंक लावून शटर वाढवता येतं, पण त्यात फ्लॅश एकाच झटक्यात न उडता लुकलुकत राहतो आणि त्याची गोठवण्याची ताकद जाते. यावरचा माझा उपाय छत्रीचा. ऑक्टोबरच्या उन्हात कढीपत्त्यावरच्या अळीचा फोटो काढत असले की शेजारच्या काकी कुंपणापलीकडून विचारतात, “काय गो, काय बघतंस?” मी म्हणते, “काकी, येऊन जरा छत्री धरा ना इथे.” त्या येतात, काळी छत्री अळीवर धरतात आणि मला मागून विचारत राहतात, की हिचं तोंड कुठलं, ही खाते किती, फुलपाखरू कधी होणार. काकींची छत्री आणि सोळाव्या भागावरचा फ्लॅश यांनी मला जितके शार्प फोटो दिले तितके दुसऱ्या कशानेच दिलेले नाहीत.

फ्लॅश उघडा मारू नये. किड्याचं कवच चकचकीत असतं. त्यावर फ्लॅशचा पांढराफटक डाग पडतो आणि त्या डागाखालचे केस, खाचा, रंग सगळं पुसलं जातं. फोकस बिनचूक असूनही फोटो शार्प वाटत नाही तो यामुळे. प्रकाशाला मऊ करणारा डिफ्यूजर किड्याच्या मानाने मोठा हवा आणि जवळ हवा. मी तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन कापून आतून चांदी लावलीय, आणि पुढे टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम, दोन थर, मध्ये थोडं अंतर ठेवून. तो लेन्सच्या टोकावरून पुढे येतो आणि किड्यावर वरून किंचित वाकतो. प्रकाश थोडा वरून, थोडा बाजूने आला की प्रत्येक केसाला स्वतःची बारीक सावली मिळते. डोळ्याला शार्प वाटतं ते या सावल्यांमुळे.

मिररलेसवर फ्लॅश लावणाऱ्याने एक सेटिंग आठवणीने बदलायला हवं. व्ह्यूफाइंडर आपल्याला होणारा फोटो आधीच दाखवतो. एफ/11, 1/200, आयएसओ 200 ला होणारा फोटो काळा आहे, कारण फ्लॅश अजून उडलेला नाही. म्हणून काही कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरही काळाकुट्ट दिसतो. मेनूत एक्सपोजर प्रिव्ह्यू किंवा सेटिंग इफेक्ट अशा नावाचा पर्याय असतो, तो बंद केला की चित्र उजळ दिसायला लागतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांची अडचण एवढीच असते. दुसरी अडचण चष्म्याची. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक छोटी चकती असते, ती फिरवून आतली अक्षरं स्वच्छ दिसतील अशी करावी लागते. कॅमेरा पिशवीतून काढताना ती सरकते. मी रोज सुरुवात तिच्यापासून करते.

ऑटोफोकस 1:1 वर वापरू नये असं मी म्हणणार नाही. नव्या कॅमेऱ्यांत काही किड्यांचेसुद्धा डोळे ओळखणारी यंत्रणा येऊ लागलीय. पण अर्ध्या मिलिमीटरच्या खोलीत माझं शरीरच पुढे-मागे डोलतं, आणि लेन्स त्याच्या मागे धावत बसते. मी लेन्स मॅन्युअलवर टाकून हवं ते मॅग्निफिकेशन ठरवते, आणि मग फोकसची रिंग विसरून जाते. फोकस करायचा तो स्वतः पुढे-मागे सरकून. डोळे स्पष्ट होण्याच्या किंचित आधी श्वास रोखायचा, डोळ्यांत चमक आली की बटण. फोकस पीकिंगचे रंगीत ठिपके दिसतात त्यांच्यावर फार विसंबू नये; ते ज्या पट्ट्यावर चमकतात तो पट्टा खऱ्या शार्प भागाहून बराच रुंद असतो, आणि डोळ्याच्या मागच्या केसांवरही तितकेच आनंदाने चमकतात. चित्र मोठं करून बघणं जास्त खात्रीचं, पण ते ट्रायपॉडवर. हातात असताना मोठं केलेलं चित्र इतकं नाचतं की किडा सापडतच नाही.

हात स्थिर करण्याची एक युक्ती मात्र सगळ्या उपकरणांहून मोलाची आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांत किड्याची काडी किंवा पानाचा देठ अगदी हलक्याने धरायचा, आणि त्याच हाताच्या मुठीवर लेन्स टेकवायची. आता वारा आला तर पान, हात आणि लेन्स तिन्ही एकदम हलतात; त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. बोट सरकवून अंतर कमी-जास्त करता येतं. 90 एमएमच्या लेन्सला 1:1 वर किडा लेन्सच्या टोकापासून जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटरवर असतो, तेव्हा हे हाताच्या आवाक्यातलं काम आहे. भिंतीवरच्या कोळ्यासाठी डावा तळहात भिंतीला लावायचा आणि अंगठ्यावर लेन्स. पानाच्या देठाला हात लावण्याआधी त्यावर सापाचं पिल्लू किंवा केसाळ सुरवंट नाही ना, एवढं आमच्या भागात बघून घ्यावं.

या युक्तीने मिळालेला एक फोटो शाळेत माझ्या वर्गात लावलेला आहे. आंब्यावर पानं शिवून घरटं करणारे लाल मुंगळे असतात, शास्त्रीय नाव ओइकोफिला स्मॅराग्डिना. चावा असा घेतात की त्या फांदीला कुणी हात लावत नाही. त्यांच्या रांगेपासून थोडं दूर, पानाच्या काठावर एक मुंगळा एकटाच चालला होता आणि मध्येच थांबत होता. मुंगळा असा थांबत नाही. मी देठ धरला, तो पानाच्या टोकाला आला, वळून माझ्याकडे तोंड केलं, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दोन मोठे गोल काळे डोळे चमकले. तो मुंगळा नव्हताच. मिरमाप्लाटा प्लाटालीओइडिस, मुंगळ्याची हुबेहूब नक्कल करणारा उडी मारणारा कोळी. पुढचे दोन पाय वर उचलून शिंगांसारखे हलवतो. अंगाला अशा खाचा असतात की डोकं, छाती, कंबर वेगळी वाटावी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा ठिपका, मुंगळ्याचा डोळा वाटावा असा. मुख्य, मोठे डोळे पुढे, चेहऱ्यावर. नर असेल तर जबडे पुढे इतके लांब आलेले असतात, की एक मुंगळा तोंडात दुसरं काही धरून चाललाय असं दिसावं.

वर्गात मी फोटो न सांगता लावला. सगळ्यांनी मुंगळा म्हटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून जवळ आली, फोटोवर बोट ठेवत गेली आणि म्हणाली, “बाई, हा मुंगळा नाही. पाय मोजा, आठ आहेत.” तो फोटो थोडा जरी हललेला असता तर तिला पाय मोजता आले नसते. वर उचललेल्या पायांच्या टोकाला केसांचा झुबका दिसत होता, मुंगीच्या शिंगाला असतात तसे सांधे नव्हते. मला शार्प फोटो लागतो तो याच्यासाठी.

उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या त्या पुढच्या मोठ्या डोळ्यांबद्दल एक गोष्ट सांगते, ती शटर दाबण्याच्या कामाची आहे. त्यांचं भिंग पक्कं असतं, फिरत नाही. आत एक नळी असते आणि तिच्या टोकाचा पडदा हलतो. कोळी तुमच्याकडे थेट बघत असेल तर डोळा गडद काळा दिसतो. आतला पडदा बाजूला वळला की तोच डोळा तपकिरी, फिका होतो. फिक्या रंगाच्या कोळ्यांमध्ये हे नुसत्या व्ह्यूफाइंडरमधूनही कळतं. डोळे काळे झाले की तो क्षणभर अंग न हलवता तुमच्याकडे बघतो. तेवढ्यात फोटो घ्यायचा.

पावसाळ्याच्या शेवटी मी सड्यावर जाते, ते काम अगदी वेगळं. जांभ्या दगडाचे आमचे सडे सप्टेंबरात फुलांनी भरलेले असतात. सीतेची आसवं निळी-जांभळी, पांढरे गेंद, आणि ओल्या वाळूत दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, ही किडे खाणारी वनस्पती. तिच्या पानांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. इथे किड्याची घाई नसते, झाड कुठे जात नाही. म्हणून इथे फ्लॅश पिशवीत राहतो आणि मी फोकस स्टॅकिंग करते. मिररलेसने मॅक्रोला दिलेली ही मोठी देणगी आहे. ऑलिंपसने 2015 मध्ये आपल्या कॅमेऱ्यात ही सोय फर्मवेअरमधून दिली. आज अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत फोकस ब्रॅकेटिंग मिळतं. कॅमेरा स्वतः फोकस टप्प्याटप्प्याने मागे नेत एकामागून एक फोटो घेतो, आणि संगणकावर हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारखं सॉफ्टवेअर प्रत्येकातला शार्प पापुद्रा उचलून एकच चित्र करतं. अॅपर्चर तेव्हा एफ/5.6, जिथे लेन्स सगळ्यात कडक आहे. दोन टप्प्यांतलं अंतर खोलीपेक्षा कमी हवं, नाहीतर मध्ये मऊ पट्टे राहतात.

ड्रोसेराच्या थेंबात मागच्या फुलाचं उलटं चित्र दिसतं. ते आणि थेंबाचा काठ एकदम शार्प कधीच येत नाहीत, कारण थेंब भिंगासारखा वागतो आणि ते चित्र थेंबाच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होतं. स्टॅकची सुरुवात थेंबाच्या काठापासून केली तर आतलं फूल कायम मऊ राहील. ती बरीच अलीकडून करावी लागते. वाऱ्याचं काय, तर सूर्य उगवण्याच्या आधीची वेळ. आठ वाजले की सड्यावर वारा सुटतो आणि स्टॅक संपतो. काडीला कपड्यांचा चिमटा लावून ती एका सळईला टेकवली तरी थोडा वेळ वाढवून मिळतो. तयार झालेलं चित्र तपासून घ्यावं लागतं. एक केस दुसऱ्यावरून जात असेल तिथे सॉफ्टवेअर चुकतं, कडेला उजळ वलय येतं, आणि मध्येच मुंगी हलली असेल तर तिला जादा पाय फुटतात. असा जादा पाय ठेवून फोटो पुढे पाठवणं मला मान्य नाही.

तसंच आणखी एक. किडा शांत बसावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणं, काडीला चिकटवणं, दव दिसावं म्हणून पाणी फवारणं, हे सगळं होतं, आणि त्याने फोटो शार्पही येतो. मी ते करत नाही आणि माझ्या मुलांना करू देत नाही. सड्यावर एका फोटोसाठी पोटावर झोपताना खाली किती ड्रोसेरा चिरडले जातात, हेही बघावं. मळलेल्या वाटेच्या कडेला असतं ते पुरेसं असतं.

कोकणात कॅमेरा टिकवणं हेच वेगळं काम आहे. पावसात लेन्सच्या आत बुरशी धरते आणि एकदा ती धरली की शार्पनेसच्या सगळ्या गप्पा संपतात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि ते दर थोड्या दिवसांनी गरम करून परत कोरडं करणं. एसीच्या खोलीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर लगेच वाफ धरते. पिशवी बंद ठेवूनच बाहेरच्या हवेत थोडा वेळ राहू द्यावी. अॅपर्चर बंद असताना सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते, म्हणून सड्यावर लेन्स बदलू नये. मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर रेनॉक्स डीसीआर-250 हे 8 डायॉप्टरचं भिंग आहे. ते असलेल्या टेलिलेन्सवर चिमट्यासारखं बसतं आणि केंद्रभागी खूप चांगलं चित्र देतं. सुरुवात त्यावर खुशाल करावी.

2021 मध्ये ठाण्याच्या परिसरातून सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला इसियस तुकारामी असं नाव दिलं गेलं, 26/11 च्या हल्ल्यात शहीद झालेले तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ठाण्यासारख्या गजबजलेल्या भागात शास्त्राला अनोळखी कोळी राहत होता, ही बातमी वाचल्यापासून मी भिंतीवरच्या साध्या कोळ्याचाही फोटो निष्काळजीपणे काढत नाही. नवी जात ठरवायला नुसता फोटो पुरत नाही; कोळ्यांच्या जाती बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखाली प्रजनन अवयव तपासूनच ठरतात. पण कुठे बघायचं हे अभ्यासकाला सांगायला एक शार्प फोटो पुरेसा होतो.

म्हणून तुम्ही काढणार असाल तर एका किड्याचे तीन फोटो काढा: समोरून डोळे, वरून पाठ, बाजूने कूस. प्रत्येकात जे निवडलंय तेवढं तरी लख्ख येऊ द्या. आणि फोटोबरोबर जागा, तारीख, आणि तो कोणत्या झाडावर बसला होता ते लिहून ठेवा.